नाचता येतं, मग भांडी का नाही?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 28 वर्षांची आहे. मूळची भंडारा जिल्ह्यातली, नोकरीसाठी नागपुरात दादा-वहिनीकडे राहते आणि एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. लहानपणीच तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार (एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जीन आलेला प्रकार) असल्याचं निदान झालं. वर्षातून तीन-चारदा हाडं फुटावीत असं दुखणं उठतं, कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं, दोनदा रक्तही चढवलंय. एरवी ती चारचौघींसारखी दिसते आणि तिच्या मते सगळा घोळ तिथेच आहे. डिसेंबरात मामेबहिणीच्या हळदीला लॉनवर ती अर्धा तास नाचली. दोन दिवसांनी अंथरुणाला खिळली. तेव्हा दुकानातली नोकरी करून दमून आलेली वहिनी दारातूनच म्हणाली, "नाचायला पाय चालतात, भांडी घासायला चालत नाहीत." ऑफिसात साहेब रजेचा अर्ज बघून हसतात. गेल्या खेपेला रात्री कॅज्युअल्टीत तिने दुखण्याचं इंजेक्शन मागितलं, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी "याची सवय लागलीय का?" असं विचारलं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू आहेत, पण "बरं वाटतं तेव्हा गोळ्यांना सुट्टी देते" असं तिने लिहिलंय. पाच वर्षांच्या भाच्याची टेस्ट करून घेऊ म्हटलं की वहिनी घर डोक्यावर घेते. स्थळंही बघणं चालू आहे. तिचा प्रश्न : "सगळे रिपोर्ट स्कॅन करून घरच्या ग्रुपवर टाकू का? यांचा विश्वास कशाने बसेल? की सरळ नोकरी सोडून आईकडे गावी जाऊ?"

पत्रात तू मला मावशी म्हटलं आहेस, तेव्हा मीही तूच म्हणते.

आधी ग्रुपचं. नको टाकूस. तुझ्या फाइलमध्ये जे आहे ते त्या घरात कुणालाच नवीन नाही. रक्त चढवायचं होतं तेव्हा दादा रात्रभर बाकावर बसून होता, हे तूच लिहिलं आहेस. वहिनीने डबा पाठवला होता, हेही. म्हणजे तुला सिकलसेल आहे यावर त्यांचा विश्वास आहेच. सलाइन लागलेलं, ओठ सुकलेले, डोळे पिवळे, अशा वेळी घरातलं कुणीही तुला नाटकी म्हणालेलं नाही. त्यांना पटत नाही ती वेगळीच गोष्ट आहे : तू गुरुवारी संध्याकाळी केस धुऊन, टिकली लावून, भाच्याशी पत्ते खेळत बसलेली असतेस तेव्हाही हा आजार तुझ्या अंगात चालूच असतो. या गोष्टीचा रिपोर्ट निघत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसच्या (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासणीच्या) कागदावर फक्त 'एसएस' लिहिलेलं असतं, गुरुवारचं काही लिहिलेलं नसतं.

त्यामुळे तू इतकी वर्षं जे समजावत आलीस, त्याच्या नेमकं उलटं समजावून बघ, असं मी म्हणेन. दुखतं तेव्हा किती दुखतं हे सांगणं पुरे झालं, ते त्यांनी पाहिलंय. चांगले दिवस कसे असतात ते सांग.

ते सांगायचं तर आत काय चाललंय हे तुला स्वतःला सोप्या शब्दांत माहीत हवं. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तुझी जगते 10 ते 20 दिवस. शरीर रात्रंदिवस नव्या पेशी बनवत राहतं आणि तरी पुरवठ्याला येत नाही. म्हणून हिमोग्लोबिन कायम कमी, जिना चढताना धाप आणि डोळ्यांत तो पिवळेपणा, ज्यावरून ऑफिसातली प्रत्येक नवीन मुलगी तुला "कावीळ झाली होती का?" असं विचारते. त्यात थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, अतिश्रम झाले, की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोचेनासं होतं. जीव नकोसा करणारं ते दुखणं त्याचं. पेशींचं हे वाकणं-अडकणं बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं, तेही रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर दिसलेल्या वाकड्या पेशींवरून. मग वहिनीला मोरीच्या दारातून ते दिसावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

आता तुला थोडं टोचेल असं बोलते. "बरं वाटतं तेव्हा गोळ्यांना सुट्टी देते" हे वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस, मला मात्र पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. वहिनीचं म्हणणं काय, तर दिसत नाही म्हणजे नाही. आणि तुझं? दुखत नाही म्हणजे नाही. चांगल्या दिवशी तुझ्या आजारावर तुझाही विश्वास नसतो. हायड्रॉक्सीयुरिया ही डोकं दुखलं की घ्यायची गोळी नव्हे. ती रोज घेतली तर काही महिन्यांत शरीरात गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याच्या खेपा कमी होतात. मधे मधे सुट्टी दिली की तो परिणाम टिकत नाही. शिवाय ही गोळी चालू असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी फार कमी होत नाहीत ना हे बघायला. सुट्ट्यांचं खरं खरं डॉक्टरांना सांग. ते रागावतील, रागावू देत. गोळीने मळमळ होते म्हणून टाळत असशील, किंवा महिन्याअखेर पैसे उरत नाहीत म्हणून, तर तेही सांग. दोन्हीवर उपाय असतात आणि सरकारी रुग्णालयांत ही गोळी मोफत मिळण्याची सोय अनेक ठिकाणी आहे.

त्याच जातीची आणखी एक सवय तुझ्या पत्रात सापडली. बरं वाटलं की तू एका दिवसात आठवड्याची कामं उरकतेस : पडदे धुतेस, माळा आवरतेस, डबे घासून लख्ख करतेस. का, तर "कुणी आळशी म्हणू नये." मग दोन दिवस पडून राहतेस. घरातल्यांना काय दिसतं? मनात आलं तर माळा आवरते, मनात नसलं तर चमचा उचलत नाही. तुला आळशी ठरवणारा पुरावा तूच घाम गाळून तयार करते आहेस, बाई. चांगल्या दिवशी अर्धंच काम कर. उरलेलं अर्धं दिसू दे.

आता वहिनी.

तिचं ते दारातलं वाक्य वाईटच होतं, त्यावर पांघरूण घालत नाही. पण त्या वाक्यात एक खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तू कधी दिलेलं नाहीस, कारण बोलणं लागल्यावर माणूस उत्तर देत नाही, रडतो. नाचता येतं तर भांडी का घासता येत नाहीत? याचं सरळ उत्तर आहे. डिसेंबरात नागपूरच्या नळाचं पाणी सकाळी सात वाजता बर्फासारखं असतं. त्यात वीस मिनिटं हात घालून उकिडवं बसणं हे तुझ्या पेशींना वाकायला आमंत्रण आहे. आणि नाचण्याचंही तिला खरं सांग : ते फुकट गेलं नाही. उघड्या लॉनवर, रात्रीच्या गारव्यात, स्वेटर न घालता, पाण्याचा घोट न घेता नाचलीस, त्याची किंमत दोन दिवसांनी मोजलीस. म्हणजे वहिनीला वाटतं तसं नाचताना काही झालं नाही असं नाही, झालेलं तिला उशिरा दिसलं.

हे बोलायचं कधी? दुखण्यात नाही आणि भांडणात तर नाहीच. रविवारी दुपारी, दोघींचं जेवण झाल्यावर, तू धडधाकट असताना. चांगल्या दिवसाबद्दल चांगल्या दिवशीच बोलावं. शब्द सुचत नसतील तर हे घे, हवे तसे बदल : "वहिनी, थंड पाण्याने माझं दुखणं उठतं. गीझरचं पाणी बादलीत घेऊन मी रात्रीची भांडी घासीन, पण सकाळची माझ्याकडे नको. त्याऐवजी कणीक, भाजी निवडणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, बंटीचा अभ्यास, लाइटबिल, सिलिंडरचा नंबर, हे सगळं कायमचं माझं. दुखणं उठेल ते तीन-चार दिवस माझ्याकडून काहीच होणार नाही. तेव्हा माझं काम कोण करेल ते आताच ठरवू." (बंटी हे नाव मी ठेवलं, तू भाच्याचं लिहिलं नाहीस.)

यातली कामं बघ. घड्या घालणं, बिल भरणं, भाजी निवडणं ही बसून होतात, सकाळी जमलं नाही तर रात्री होतात. ज्यांचे दिवस असे वरखाली असतात त्या सगळ्यांना मी हेच सांगते, मग आजार सिकलसेल असो, आमवात असो की थायरॉइड : घरातली वेळेला बांधलेली कामं सोडा आणि बिनवेळेची अंगावर घ्या. कमी काम मागायचं नाही, वेगळं मागायचं. समोरची बाई दिवसभर दुकानात उभी राहून आलेली असते, तिला तुझ्या दुखण्याचा हिशोब नको असतो, ओट्यावरचा पसारा कुणी आवरला एवढंच बघायचं असतं. तुझं दुखणं खरं की खोटं हे ठरवण्यावर कामाची वाटणी अवलंबून राहिली नाही, तर निम्मी कटकट आपोआप मिटते.

आणि "कोण करेल" याचं उत्तर वहिनी नव्हे, बरं का. तुझं अख्खं पत्र मी दोनदा वाचलं. दादा दवाखान्यात आहे, औषधाच्या दुकानात आहे, पण भांड्यांजवळ कुठेच नाही. एका घरात दोन बायका 'भांडी कुणी घासायची' यावरून वर्षभर धुसफुसतात आणि तिसरा, दोन्ही हात शाबूत असलेला माणूस बातम्या बघत असतो! तुझ्या आजारपणाचं ओझं तुझ्या भावाने वहिनीच्या डोक्यावर ठेवलंय आणि ती ते तुझ्यावर काढते. तुझे वाईट दिवस आले की तुझ्या वाटची कामं दादा करेल, हे त्या रविवारी त्याच्यासमोर ठरू दे. बघ, वहिनी तुझ्या बाजूने बोलेल.

रोजच्यासाठी एक छोटी युक्ती आहे. डॉक्टर दुखणं 0 ते 10 मध्ये विचारतात ना, तेच घरी आण. सकाळच्या चहाला फक्त आकडा सांगायचा. 3 म्हणजे थकवा आहे पण कामं होतील. 6 म्हणजे आज माझ्याकडून काही धरू नका. 8 म्हणजे रिक्षा बोलवा. आत्ता तू काय करतेस, तर 3 ला पण "बरी आहे" आणि 6 ला पण "बरी आहे", मग एकदम 9 ला किंचाळतेस. घरच्यांना वाटतं, आत्ता तर बरी होती.

भाच्याच्या टेस्टबद्दल तू लिहिलंस, "वहिनीला माझा आजारच मान्य नाही, म्हणून ती टेस्ट करू देत नाही." मला हे उलट वाटतं. तिला तो फार नीट मान्य आहे. तुझ्या आई-वडिलांकडून हा जीन आला, तसा तो दादाकडेही असू शकतो. तुला एसएस आहे म्हणजे आई-वडील दोघेही निदान वाहक (सिकलसेलचा एकच जीन असलेले) आहेत. दोघेही फक्त वाहक असतील आणि दादाला आजार नसेल, तर तोही वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. त्याची टेस्ट झालीय की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस, मला शंका आहे की झाली नसावी. तू कळवळून पडलेली असतेस तेव्हा त्या बाईला तुझ्या जागी कोण दिसत असेल, याचा विचार कर. तुझं दुखणं नाटक आहे असं एकदा ठरवलं की आपल्या लेकराला भिण्याचं कारण उरत नाही. माझा हा अंदाज चुकीचाही असेल. पण बरोबर असला, तर तू जितकं तिला पटवायला जाशील तितकी ती मागे सरेल.

म्हणून सुरुवात लेकरापासून करू नको. दादाने स्वतःची टेस्ट करावी, आणि ते त्याला तू सांग. त्याचा रिपोर्ट एए (म्हणजे सिकलसेलचा जीन नाही) आला तर भाच्याला एसएस असण्याचा प्रश्नच मिटला. एएस (म्हणजे वाहक) आला तर वहिनीची टेस्ट. वहिनी एए निघाली तरी विषय संपला, पोरगा फार तर वाहक असेल, आणि वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. दोघंही एएस निघाले तरच भाच्याची टेस्ट तातडीची, कारण तेव्हा प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. आणि तसं निघालंच तर लवकर कळणं हे त्या पोराच्या भल्याचं आहे : लहानपणीचे जंतुसंसर्ग, लसी, ताप आला की काय करायचं, सगळं वेळेवर होतं. तुझ्या आईला यातलं कुणी सांगितलं नव्हतं. 2023 च्या जुलैमध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. विदर्भात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ही सोय मिळते, खर्चाचं कारण उरत नाही.

हे सदर वाचणाऱ्या वहिन्या, सासवा, नवरे आणि मैत्रिणींसाठी थोडं. "बरं वाटतंय का?" या प्रश्नाला माणूस "हो" म्हणतो, कारण तेच उत्तर अपेक्षित असतं. त्यापेक्षा "पाण्याची बाटली भरून देऊ का?", "गरम पाण्याची पिशवी हवी?" असं विचारा. त्याला खरं उत्तर देता येतं. "माझ्या पण गुडघ्यात कळ येते" हे टाळा. कितीही प्रेमाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं की आपलं दुखणं मोजून छोटं केलं. रक्त कमी आहे म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका. सिकलसेलमधला अशक्तपणा बहुतेकदा लोहाच्या कमतरतेचा नसतो आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. आणि निर्जळी उपवासाचा आग्रह तर कुणीच धरू नये. पत्रलेखिके, चांगल्या नवऱ्यासाठी हरतालिका करतेस असं तू लिहिलंस. कर, पण पाणी पिऊन कर. पार्वतीला चालेल.

ऑफिसचं जरा निराळं आहे. तिथे कुणाची कणव मिळवायला जाऊ नको, तुला तिथे दोन-तीन ठोस गोष्टी हव्या आहेत. सगळ्या स्टाफला सांगायची गरज नाही. दोघांना सांग. एक साहेब, त्यांना तोंडी नाही, लेखी : डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यात आजाराचं नाव, वर्षातून साधारण किती वेळा अचानक रजा लागू शकते आणि काय टाळायला हवं. सोबत तुझी मागणी. तुझं टेबल एसीच्या झोताखाली आहे असं लिहिलं आहेस, ते हलवून मागणं ही पहिली. महिनाअखेरीच्या कामात रजा आली तर घरून लॅपटॉपवर करण्याची मुभा ही दुसरी. साहेबांना "समजून घ्या" म्हटलं की ते मान डोलावतात आणि विसरतात, "टेबल खिडकीकडे हलवा" म्हटलं की हो किंवा नाही म्हणावं लागतं. दुसरी व्यक्ती म्हणजे शेजारची एखादी सहकारी, जिला एवढंच माहीत असावं की तू अचानक पांढरी पडलीस तर कुणाला फोन करायचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यात थॅलेसीमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेलही आहे, हे साहेबांना माहीत नसेल. बऱ्याच रुग्णांनाही माहीत नसतं. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं. बहुतेक सवलती 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तरच लागू होतात, आणि टक्केवारी प्रत्येकाची वेगळी निघते, तेव्हा आशा बेताची ठेव, पण अर्ज कर. एसटीच्या प्रवासातही सिकलसेल रुग्णांना सवलत आहे, गावी जाताना आगारात चौकशी कर. "दिव्यांग म्हणवून घ्यायला लाज वाटते" असं काही मुली मला लिहितात. लाज वाटत असेल तर कार्ड पाकिटात ठेवावं, कपाळावर लावायचं नसतं.

नोकरी सोडून गावी जाण्याचं मन का होतं ते कळतं. आई विश्वास ठेवते, तिला आकडा सांगावा लागत नाही. पण दुखण्यातून उठल्यावर पहिल्या पंधरवड्यात असा निर्णय घेऊ नको, तेव्हा सगळंच नकोसं असतं. गावी रात्री रक्त लागलं तर रक्तपेढी किती लांब आहे, तुझे डॉक्टर कुठे आहेत, हायड्रॉक्सीयुरिया तिथे मिळते का, हे आधी बघ. आणि महिन्याचा पगार गेला की औषधाच्या प्रत्येक पाकिटासाठी दादाकडे बघावं लागेल. ते तुला इथल्या टोमण्यांपेक्षा सोपं जाईल? मला नाही वाटत. महिनाभराची बिनपगारी रजा मिळाली तर घे, आईकडे राहून ये, मग ठरव. त्या घरात दमच कोंडत असेल तर नागपुरातच वर्किंग विमेन्स हॉस्टेल हाही पर्याय आहे, मात्र रात्री दुखणं उठलं तर सोबत कोण, हे ठरवूनच.

स्थळांबद्दल एवढंच : सांगायचं, आणि पसंतीच्या आधी सांगायचं. ऐकून जो मागे फिरेल तो फिरू दे. मुलाचीही टेस्ट हवी. तो एए असेल तर तुमची सगळी मुलं वाहक होतील, आजारी एकही नाही. एएस असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता एसएसची. पुढे मूल हवं असेल तेव्हा हायड्रॉक्सीयुरियाचं काय करायचं, हे आधी डॉक्टरांना विचारावं लागतं.

राहिलं कॅज्युअल्टीचं. "सवय लागलीय का" हा प्रश्न सिकलसेलच्या रुग्णांना फार ठिकाणी ऐकावा लागतो. कारण पुन्हा तेच : नाडी ठीक, एक्स-रे ठीक, हाड मोडलेलं नाही आणि समोरचा माणूस इंजेक्शनचं नाव घेऊन मागतोय. त्या वेळी वाद घालण्याचं त्राण तुझ्यात नसतं, म्हणून हे काम आधी करून ठेव. पुढच्या ओपीडीच्या तारखेला तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक पानच लिहून घे : निदान, रक्तगट, एरवीचं हिमोग्लोबिन किती असतं, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, आधी कधी रक्त चढवलं, दुखणं उठलं की कोणतं औषध कुठल्या मात्रेत लागू पडतं, आणि त्यांचा फोन नंबर. त्याची एक झेरॉक्स पर्समध्ये, एक दादाच्या गाडीच्या डिकीत, फोटो वहिनीच्या मोबाइलमध्ये. बोलण्याचं काम सोबत आलेल्याने करायचं, तू नाही. आणि 101 च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, अचानक असह्य डोकेदुखी, हात-पाय किंवा जीभ जड होणं, यातलं काहीही असेल तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, हे त्याच पानाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिही. मराठीत लिही, म्हणजे घरात ते कुणालाही वाचता येईल.